मूळ गोष्टीशी इमान म्हणजे कशाशी इमान?

(वाशीम येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण पोटगीवर बोललो, सातबाऱ्यावर बाईचं नाव कसं लागेल यावर बोललो. आता जेवणं झाली आहेत, डोळे जड झाले आहेत, म्हणून संयोजक बायांनी मला सिनेमावर बोलायला उभं केलं आहे. आपल्या चळवळीत सिनेमा हा नेहमी जेवणानंतरचाच विषय असतो! पण मला वाटतं, सकाळच्या विषयांशी याचं नातं फार जवळचं आहे. ते शेवटपर्यंत तुम्हाला पटलं नाही तर मला तसं सांगा.

आमच्या वस्तीतल्या गटाने मागे लागोपाठ दोन रविवारी दोन सिनेमे दाखवले. पहिल्या रविवारी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’, दुसऱ्या रविवारी त्याच्यावरूनच हिंदीत काढलेला ‘धडक’. ‘सैराट’ आला २०१६ साली, ‘धडक’ २०१८ साली. ‘सैराट’ बहुतेकींनी आधीच पाहिलेला होता, तरी शेवटी सगळ्या गप्प झाल्या. ‘धडक’ संपला तेव्हा मात्र गलका झाला. आमच्यातल्या एक सत्तरीच्या आजी, रोजंदारीने निंदणाला जाणाऱ्या, म्हणाल्या, “काहो बाई, तिथं तं दोघंही मेले होते. इथं पोरगी काहून वाचवली? अन् मारलं तं काहून मारलं, तेच समजलं नाही.”

पोरगी का वाचवली आणि मारलं तरी का मारलं, या आजींच्या दोन प्रश्नांवरच मी आज बोलणार आहे. एखाद्या गोष्टीचा दुसऱ्यांदा सिनेमा होतो किंवा कादंबरीचा सिनेमा होतो, तेव्हा शिकलेले लोक विचारतात, मुळाशी प्रामाणिक राहिले का? पण मुळातल्या कशाशी प्रामाणिक राहायचं, हा प्रश्न आजींनी विचारला.

आधी दोन्ही सिनेमांत काय बदललं ते पाहू. ‘सैराट’ घडतो करमाळ्याकडच्या मुलखात. अर्ची ही गावावर सत्ता असलेल्या पाटलाची मुलगी, परशा मासेमारी करणाऱ्या घरातला. दोघं पळून हैदराबादला जातात, झोपडपट्टीत राहतात. अर्ची कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते. ‘धडक’ घडतो उदयपुरात आणि मग कोलकात्यात. तिथली पार्थवी राजघराण्यातली, मधुकर हॉटेलवाल्याचा मुलगा. गाव बदललं, भाषा बदलली, नावं बदलली. याबद्दल माझी काही तक्रार नाही. राजस्थानात गोष्ट नेली तर तिथलीच माणसं दिसणार. ‘सैराट’वरून कन्नड, पंजाबी, बंगाली आणि उडिया भाषांतही सिनेमे निघाले. कन्नडमध्ये तर रिंकू राजगुरूनेच पुन्हा नायिकेचं काम केलं.

तक्रार वेगळी आहे. ‘सैराट’मध्ये जात ही पाण्यातल्या गाळासारखी तळाशी सगळीकडे आहे. वर्गात कोण कोणाच्या थोबाडीत मारू शकतो, कोणाला अरेतुरे होतं, पोलीस कोणासमोर उठून उभे राहतात, सगळं तिच्यावरून ठरतं. कुणी भाषण करत नाही, तरी पाहणाऱ्या प्रत्येकाला कळतं. ‘धडक’मध्ये ती एखाददुसऱ्या वाक्यात येते आणि बाजूला होते. उरतं काय? तापट बाप, निवडणुकीचं राजकारण, श्रीमंत मुलगी आणि साधा मुलगा. मग शेवटी जो खून होतो, तो एका रागीट कुटुंबाने केलेला खून वाटतो. आजींना “काहून मारलं” ते कळलं नाही, यात त्यांची चूक नव्हती. कारणच काढून घेतलं होतं.

आता कुणी म्हणेल, सिनेमा आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? मनावर घ्यायचं कारण असं, की ‘सैराट’ हवेतून आला नव्हता. सोनईला २०१३ साली तीन तरुणांना मारलं. खर्ड्याला २०१४ साली शाळकरी वयाच्या मुलाला मारलं. दोन्ही ठिकाणी मुलगी वरच्या मानलेल्या जातीतली आणि मारले गेलेले दलित. ‘सैराट’ त्यानंतर दोनच वर्षांनी आला. आणि २७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्ती वाहिनी’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात घराण्याला किंवा जातपंचायतीला आडवं येण्याचा हक्क नाही, असं सांगितलं. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा आणि जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावेत, असे निर्देश दिले. ‘धडक’ त्यानंतर चार महिन्यांनी, जुलैमध्ये आला. देशाचं न्यायालय ज्या गोष्टीचं नाव घेत होतं, तिचं नाव घ्यायला सिनेमा कचरला.

आपल्या कामातही हेच घडतं ना? मुलीला डांबून ठेवलं म्हणून आपण ठाण्यात जातो, तर उत्तर मिळतं, “ताई, हे घरगुती प्रकरण आहे.” जातीचा शब्द कुणी कागदावर येऊ देत नाही. कारण पुसलं की गुन्हाही अर्धा पुसला जातो. हे काम ठाण्यात एक माणूस करतो, पडद्यावर मात्र एकाच वेळी लाखो लोकांसमोर होतं.

मग मूळ गोष्ट जशीच्या तशी ठेवावी, असं माझं म्हणणं आहे का? मुळीच नाही. तसं म्हटलं तर आपल्या आज्यांनाच गुन्हेगार ठरवावं लागेल. जात्यावर बसून त्यांनी सीतेच्या ओव्या गायल्या. त्या ओव्यांतली सीता ग्रंथातली राहिली नाही. ती सासुरवाशीण झाली, दिवस गेलेले असताना रानात सोडलेली लेक झाली. तिची बाजू घेताना आपल्या आज्यांनी रामाला बोल लावायलाही मागेपुढे पाहिलं नाही. त्यांना कुणी विचारलं नाही, की बाई, तू मुळाशी इमानी आहेस का? त्या सीतेच्या दुःखाशी इमानी होत्या, एवढं पुरे होतं.

मराठी सिनेमानेही हे पूर्वी केलं आहे. नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ नावाची कादंबरी होती. व्ही. शांताराम यांनी तिच्यावरून १९३७ साली प्रभातमध्ये ‘कुंकू’ काढला आणि त्याच वेळी हिंदीत ‘दुनिया न माने’ही काढला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याची बायको व्हायला नकार देते. शांता आपट्यांनी ती नीरा उभी केली. गंमत म्हणजे एकाच गोष्टीची तीन नावं झाली, पण नीरेचा नकार तिन्हींच्या मध्यभागी राहिला. हिंदीत कुणी तिला समजूतदार बायको करून टाकली नाही.

दुसरं उदाहरण तुमच्यापैकी अनेकींच्या जवळचं आहे. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९८२ साली ‘उंबरठा’ केला. पटकथा विजय तेंडुलकरांची, सुलभा महाजन झाली स्मिता पाटील. नाव बदललं, आणि मला वाटतं या नावाने विचारही एक पाऊल पुढे नेला. ‘बेघर’ म्हटलं की बाईने काय गमावलं ते दिसतं. ‘उंबरठा’ म्हटलं की तिने काय ओलांडलं ते दिसतं. महिलाश्रमाची अधीक्षक व्हायला घर सोडून जाणारी ती बाई परत येते, घरातली आपली जागा गेलेली पाहते आणि पुन्हा निघते. आमच्या पिढीच्या कित्येकींनी तो सिनेमा पाहून रात्रभर झोप काढली नाही. बदल करूनही इमान राखता येतं, ते असं.

आता याची उलट बाजू. जशीच्या तशी नक्कल केली म्हणजे भलं झालं, असंही नाही. ‘माहेरची साडी’ आठवते? १९९१ सालचा. आम्ही बैलगाड्या जुंपून तालुक्याला तो पाहायला गेलो होतो. पदर ओले करून परत आलो. तो सिनेमा ‘बाई चाली सासरिये’ या १९८८ सालच्या राजस्थानी सिनेमावरून घेतलेला होता. पुढे १९९४ साली त्याच गोष्टीचा हिंदीत ‘साजन का घर’ झाला. राजस्थानातून महाराष्ट्रात, महाराष्ट्रातून हिंदीत. प्रांत बदलले, साड्या बदलल्या, पण सुनेने सोसायचं आणि सोसण्यालाच पुण्य म्हणायचं, ही रीत कुठेच बदलली नाही. मुळाशी अगदी इमान! अलका कुबल यांच्या कामाला मी नावं ठेवत नाही. आमचे अश्रूही खोटे नव्हते. त्या अंधारात प्रत्येकीला स्वतःचं रडून घ्यायला तीन तास मिळाले होते. पण दिवे लागल्यावर आम्ही त्याच घरी, त्याच चुलीपुढे परतलो, आणि सासवा सुनांना म्हणाल्या, “पाह्य, शिक तिच्यापासून.” अशा गोष्टीचं इमान राखण्यापेक्षा कुणीतरी ते मोडायला हवं होतं.

म्हणजे बदलणं वाईट नाही आणि न बदलणं चांगलं नाही. मग पारखायचं कसं? मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. पहिला, मूळ गोष्टीत बाई जे निर्णय स्वतः घेत होती, ते नव्या गोष्टीत तिच्याकडेच राहिले का? दुसरा, तिच्यावरच्या अन्यायाचं नाव तसंच राहिलं का, की सौम्य झालं? आणि तिसरा, बदल कोणाच्या सोयीसाठी केला? अन्याय सोसणाऱ्याच्या, की अन्याय करणाऱ्याला खुर्चीत अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून?

या प्रश्नांवर ‘सैराट’लाही घासून पाहा. अर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, हे सगळ्यांना आठवतं. मला आठवतं ते पोलीस ठाणं. तिच्या बापाने पोरांवर खोटी तक्रार लिहवून घेतलेली असते, आणि ती ती तक्रारच मोडीत काढते. आपल्याकडे किती मुलींना तेवढं करता येतं? त्याच परशाचा हात पुढे संशयाने तिच्यावर उठतो, हेही मंजुळे लपवत नाहीत. पण आपण पाहणाऱ्यांनी काय केलं? त्या सिनेमाचं गाणं हळदीला वाजवलं, त्यावर नाचलो, आणि सकाळी पोरीचा मोबाइल काढून घेतला. मूळ सिनेमाशी सगळ्यात मोठी बेइमानी प्रेक्षकांनी केली, असं मला कधीकधी वाटतं.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. नाव, गाव सांगणार नाही. ‘सैराट’ आला त्या वर्षी ती बारावीला होती. तिच्या काकाने तो सिनेमा पाहिला आणि घरी येऊन सांगितलं, पोरी अशा बिघडतात. तिचं कॉलेज बंद झालं, वर्षाच्या आत लग्न झालं. तिने सिनेमा पाहिलाही नव्हता. परवाच्या दुसऱ्या रविवारी ती कडेवर पोर घेऊन आमच्यात बसली होती. ‘धडक’ संपल्यावर म्हणाली, “काकानं हा पाह्यला असता तं माह्यं कॉलेज बंद झालं नसतं. यात भेव वाटण्यासारखं काहीच नाही.”

तिने सहज म्हटलं, पण मला ते लागलं. ज्याची भीती वाटते, त्यातच सत्य असतं. काकाला ‘सैराट’ची भीती वाटली, कारण त्याने त्यात स्वतःला ओळखलं. शेवटी भेटवस्तू घेऊन येणारे, अर्चीच्या हातचा चहा घेणारे ते सभ्य नातेवाईक त्याच्यासारखेच होते. मग मागे उरतं फक्त बाळ आणि त्याच्या पावलांचे ठसे. आवाजसुद्धा नाही. ‘धडक’मध्ये मुलगा आणि बाळ जातं, मुलगी किंचाळत उरते. मुलगी वाचली याचं मला वाईट वाटायचं कारण नाही. पण आपल्या लेकीलाही मारणारं घर पडद्यावर दाखवायला नको म्हणून ती वाचवली असेल, तर ते तिच्यावरचे उपकार नाहीत.

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. २०२५ साली ‘धडक २’ आला. शाझिया इक्बाल या बाईने तो दिग्दर्शित केला. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ या २०१८ सालच्या तमिळ सिनेमावरून तो घेतला आहे. सेन्सॉरच्या कात्रीतून जाऊनही त्याने जात उघडपणे समोर ठेवली. नाव तेच, पण या वेळी गोष्टीचं कारण जागेवर राहिलं. म्हणजे हिंदीत हे जमत नाही, असं म्हणायला आता जागा नाही.

शेवटी आपल्या गावाची एक गोष्ट. हे वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. राजशेखराने हजारेक वर्षांपूर्वी ‘काव्यमीमांसा’ लिहिली. त्यात सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघतो, आणि त्याला थोपवायला पार्वती साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्यामागे देशोदेशी जाते. प्रत्येक प्रांतात तिचा वेश बदलतो, नाच बदलतो, त्याची बोलण्याची रीत बदलते. आणि त्यांचं लग्न लागतं ते विदर्भात, वत्सगुल्मात. तेही गांधर्व पद्धतीने! कुणाची परवानगी नाही, मध्ये कुणी मध्यस्थ नाही. ज्या गावाचा ग्रंथात असा मान, त्या गावाच्या परिसरातल्या पोरींनी आपल्या पसंतीचं नाव घ्यायला घाबरावं, हे काही बरं नाही.

वेश प्रांताप्रांतात बदलावा, गोष्ट देशोदेशी फिरावी. पण आजींच्या “काहून”ला उत्तर राहिलं पाहिजे. पुढच्या वेळी घरच्यांबरोबर टीव्हीसमोर बसाल तेव्हा तो प्रश्न मोठ्याने विचारा. घरात थोडं अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या. आणि हो, ती कडेवर पोर घेतलेली मुलगी इथेच मागे बसली आहे. तिला मुक्त विद्यापीठाचा प्रवेशअर्ज भरायचा आहे. मेळावा संपल्यावर तिच्यासोबत कोण थांबतं, ते हात वर करून सांगा.