आधी कोणाचा निरोप?



दिवाळीच्या दिवसांत उधना स्थानकावर जो जनसमुदाय लोटतो, तो ज्याने एकदा पाहिला आहे त्याला गर्दी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. सुरत शहराच्या दक्षिण अंगाचे हे उपनगर यंत्रमागांचे आणि कारखान्यांचे. येथे राबणाऱ्यांत ओडिशाचे, बिहारचे व उत्तर प्रदेशाचे कामगार आहेत. तसेच जळगाव, धुळे, नंदुरबारकडील खानदेशी मराठी माणसेही मोठ्या संख्येने आहेत. उधन्याहून एक लोहमार्ग तापीच्या खोऱ्यातून थेट जळगावास जातो. त्या मार्गानेच ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या येत-जात राहिली आहेत.

अशा गर्दीत फलाटावर उभा असलेला एखादा कामगार घरी एवढाच निरोप देऊ पाहतो की, गाडीत जागा मिळाली, सकाळी पोहोचतो. हातातील फोनवर संकेताच्या सर्व रेघा उभ्या असतात, मनोरा समोरच दिसत असतो, तरीही फोन लागत नाही. तो पुन्हा क्रमांक फिरवितो, पुन्हा तेच. मग तो फोनला दोष देतो, कंपनीला दोष देतो. वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते आणि मनोराही बंद नसतो. त्या घटकेला हजारो यंत्रे एकाच आकाशात एकाच वेळी बोलू पाहत असतात. कोणी चित्रपटातील गाणे पाहत असतो, कोणी तिकिटाचे पैसे पाठवीत असतो, आणि कोणाच्या घरचे माणूस अत्यवस्थ असल्यामुळे तो डॉक्टरांशी बोलण्यासाठी धडपडत असतो. या सर्वांतून आधी कोणाला बोलू द्यावयाचे? आजच्या बिनतारी संदेशवहनातील हा एक मूलभूत प्रश्न आहे, आणि तो केवळ यंत्रशास्त्राचा नाही.

तारेने बोलणे आणि बिनतारी बोलणे यांत मोठा भेद आहे. प्रत्येक घराला स्वतंत्र तार देता येते. परंतु प्रत्येकाला स्वतंत्र आकाश देता येत नाही. एकाच लहरीवर दोन यंत्रे एकदम बोलू लागली, तर ऐकणाऱ्याला दोघांचेही कळत नाही. एखाद्या वर्गात सर्व मुले एकाच वेळी उत्तर देऊ लागली म्हणजे जे होते, तेच येथे होते.

हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली निरनिराळ्या बेटांवरील संगणक-यंत्रे रेडिओलहरींनी जोडली, तेव्हा त्यांनी एक साधा नियम घातला. निरोप तयार झाला की पाठवावा. पोच आली नाही तर दुसऱ्याशी टक्कर झाली असे समजावे, थोडे थांबावे आणि पुन्हा पाठवावा. किती थांबावे हे प्रत्येक यंत्राने चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवावे, म्हणजे दोघे पुन्हा एकाच क्षणी उठणार नाहीत. ही पद्धत थोड्या वर्दळीत उत्तम चालते. परंतु गणित असे सांगते की या रीतीने लहरीच्या एकूण शक्तीपैकी फार तर १८ टक्के भाग उपयोगी पडतो. बाकीचा टक्करींत आणि रिकाम्या वेळात वाया जातो. पुढे काळाचे सारखे तुकडे पाडून प्रत्येकाने तुकड्याच्या आरंभीच बोलावे असा दंडक घातला, तेव्हा हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर गेले. आकाश तेच, यंत्रेही तीच. केवळ शिस्तीने काम दुप्पट झाले.

परंतु शिस्त निराळी आणि अग्रक्रम निराळा. रांग लावणे ही शिस्त होय. रांगेत कोणाला पुढे घ्यावयाचे हे ठरविणे म्हणजे अग्रक्रम. तो ठरवावयाचा कशावरून? एक जुना मार्ग पैशाचा आहे. पूर्वी ट्रंक कॉल नोंदवावा लागे, त्या काळी साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार असत. अधिक दाम देणाऱ्याचा फोन आधी जोडला जाई. ही पद्धत समजावयास सोपी होती, पण तीत एक उणीव होती. घाई कोणाला आहे याचे माप ती खिशावरून घेत असे. बाजारभाव विचारणारा व्यापारी लाइटनिंग कॉल करू शके. आई आजारी असलेल्या गिरणी-कामगाराला मात्र साध्या कॉलच्या रांगेत ताटकळत बसावे लागे.

अग्रक्रमाची नीट व्यवस्था नसली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण जगाने मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’ जहाजावरील बिनतारी यंत्रचालक जॅक फिलिप्स हा किनाऱ्यावरील केप रेस येथील केंद्राकडे प्रवाशांचे खासगी निरोप पाठवीत होता. निरोप पुष्कळ साचले होते. रात्री अकराच्या सुमारास जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाच्या यंत्रचालकाने, आपले जहाज बर्फाने वेढले जाऊन थांबले आहे, असे गप्पांच्या सुरात कळविले. जवळून आलेल्या त्या जोरकस संकेताने केप रेसचे बोलणे बुडून गेले. फिलिप्सने त्रासून त्याला गप्प राहावयास सांगितले. काही वेळाने कॅलिफोर्नियनचा चालक आपले यंत्र बंद करून झोपी गेला. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले. पंधराशेहून अधिक माणसे त्या रात्री प्राणास मुकली.

फिलिप्सला कामचुकार म्हणता येणार नाही. जहाज बुडत असता तो अखेरपर्यंत मदतीची हाक देत राहिला आणि त्यातच त्याचा अंत झाला. दोष व्यवस्थेचा होता. बर्फाची सूचना आणि प्रवाशाचा खुशालीचा निरोप यांत तत्काळ भेद करता येईल अशी कोणतीही खूण त्या सूचनेवर नव्हती. पुढे समुद्रावरील बिनतारी संदेशांना निश्चित श्रेणी लागू झाली. प्रथम संकटाची हाक, मग तातडीचा संदेश, मग सुरक्षिततेची सूचना, आणि शेवटी साधे निरोप. इतकेच नव्हे, तर ५०० किलोहर्ट्झच्या लहरीवर दर तासाला दोन वेळा तीन-तीन मिनिटे सर्वांनी मौन पाळावे असा नियम झाला. जहाजाच्या रेडिओ-खोलीतील घड्याळावर ती मिनिटे लाल रंगाने दाखविलेली असत. दूरवरच्या एखाद्या दुबळ्या यंत्राची हाक ऐकू यावी म्हणून सबळांनी काही क्षण गप्प बसावयाचे, हा त्यातील अर्थ.

आता पुन्हा उधन्याच्या फलाटाकडे वळू. प्रत्येक फोनमधील सिमवर ० ते ९ यांपैकी एका वर्गाची नोंद असते. हा वर्ग श्रीमंती किंवा हुद्दा पाहून दिलेला नसतो. तो वाटणीसारखा असतो. गर्दी हाताबाहेर जाऊ लागली तर मनोऱ्याला काही वर्गांना थोडा वेळ थोपवून धरता येते आणि पाळी फिरविता येते. आणीबाणीच्या हाकेसाठी मात्र १० वा वर्ग राखलेला आहे. त्यामुळे साधा फोन थोपविला असतानाही ११२ या क्रमांकाला वाट मोकळी ठेवता येते. ११ ते १५ हे वर्ग सुरक्षा दले, आपत्कालीन सेवा, पाणी-वायूसारख्या सार्वजनिक सेवा आणि खुद्द दूरध्वनी-व्यवस्था यांच्यासाठी आहेत.

खानदेशातून आलेल्या माणसाला हा विचार परका वाटू नये. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीने शेतीला पाणी देण्याची वहिवाट शेकडो वर्षांची आहे. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडलेले असतात आणि बहुधा प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असते. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवावयाचे आणि कोणते कोरडे ठेवावयाचे हे गावकरी आधी ठरवितात. तूट आली तरी ती सर्वांच्या वाट्याला येते. एकाचे शेत हिरवे आणि दुसऱ्याचे उजाड असे होत नाही. पाटकरी ठरल्याप्रमाणे पाणी सोडतो. पाटावर पाणी आल्यानंतर कोणी भांडत बसत नाही, कारण भांडावयाचे ते आधी भांडून झालेले असते.

उधन्यास जोडणाऱ्या लोहमार्गावर या प्रश्नाला आणखी महत्त्व येते. जळगावचा मार्ग पूर्वी एकेरी होता. समोरून गाडी येईपर्यंत लहानशा स्थानकावर क्रॉसिंगसाठी उभे राहणे हा तेथील प्रवाशांचा नित्याचा अनुभव असे. त्या मार्गाचे दुहेरीकरण व विद्युतीकरण २०१९ साली राष्ट्राला अर्पण करण्यात आले. लोहमार्ग दुहेरी करता येतो. रेडिओलहरींचा पट्टा मात्र असा वाढविता येत नाही. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने रेल्वेसाठी ७०० मेगाहर्ट्झच्या विभागात ५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून दिला. चालक, गार्ड आणि नियंत्रक यांचे बोलणे, गाडीच्या सुरक्षा-यंत्रणेचे संदेश आणि डब्यांतील कॅमेऱ्यांची चित्रे, हे सर्व या अरुंद पट्ट्यातून न्यावयाचे, अशी ती योजना आहे. सुरक्षा-यंत्रणा म्हणजे ‘कवच’. २०२० साली तिचा राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकार झाला, आणि उधन्यावरून जाणाऱ्या मुंबई–दिल्ली मार्गाची तिच्यासाठी निवड झाली. चालकाने धोक्याचा सिग्नल ओलांडण्याची वेळ आली, तर ही यंत्रणा आपण होऊन ब्रेक लावते. इंजिन आणि स्थानक यांच्यामध्ये तिचे संदेश रेडिओने जातात.

आता ५ मेगाहर्ट्झच्या या पट्ट्याचे, एलटीई पद्धतीत, २५ भाग पडतात. हे भाग कोणाला द्यावयाचे याचा निर्णय मनोऱ्यावरील यंत्र दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाला, घेत असते. हेही पंचवीस फडच म्हणावयाचे, आणि त्यांचा पाटकरी सेकंदाला हजार वेळा पाणी वळविणारा! त्याच्या हाती एक तक्ता दिलेला असतो. जीवितरक्षणाच्या कामातील संकेत आणि बोलणे सर्वांत वर. साधे बोलणे त्याखाली. साठवून ठेवता येईल अशी माहिती सर्वांत खाली. कोणत्या संदेशाला किती विलंब सोसतो हेही त्यात लिहिलेले असते. कॅमेऱ्याचे चित्र क्षणभर अडखळले तर फारसे बिघडत नाही. ‘थांबा’ हा संदेश अडखळला तर गाडीतील शेकडो माणसांचे काय होईल, हे सांगावयास नको.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अग्रक्रम यंत्राला द्यावयाचा नसून निरोपाला द्यावयाचा असतो. घराघरांत बसविण्यात येणाऱ्या विजेच्या स्मार्ट मीटरचेच पाहा. दर पंधरा वा तीस मिनिटांच्या वापराची त्याची नोंद रात्रीपर्यंत थांबली तरी कोणाचे अडत नाही. परंतु वीज गेल्याबरोबर तेच मीटर, आपली उरलीसुरली शक्ती संपण्यापूर्वी, ‘येथील वीज गेली’ असा शेवटचा निरोप पाठविते. तो निरोप थांबविला तर कायमचा गेला. एकाच यंत्राचे दोन निरोप. एक मागे ठेवण्याजोगा, दुसरा पुढे नेण्याजोगा. जे यंत्राचे तेच माणसाचे. मोठ्या अधिकाऱ्याचा प्रत्येक फोन महत्त्वाचा नसतो आणि मजुराचा प्रत्येक फोन क्षुल्लक नसतो.

या व्यवस्थेला दोन शत्रू आहेत. पहिला शत्रू खोटी निकड. २००५ साली वाय-फायसाठी बोलणे, चित्र, साधी माहिती आणि मागची कामे अशा चार रांगा ठरविण्यात आल्या. ज्याची निकड अधिक त्याने कमी वेळ थांबावयाचे. परंतु प्रत्येक यंत्राने आपले सर्वच निरोप पहिल्या रांगेतले म्हणून सांगितले, तर चार रांगांची पुन्हा एकच रांग होते आणि टक्करी पूर्वीहून वाढतात. सर्वच तातडीचे झाले म्हणजे तातडीचे काहीच उरत नाही. दुसरा शत्रू पैशाने विकत घेतलेला अग्रक्रम. २०१८ साली भारत सरकारने इंटरनेटवरील समान वागणुकीचे तत्त्व मान्य केले. त्यानुसार कंपन्यांनी एखाद्याची माहिती मुद्दाम जलद वा मंद करावयाची नाही. अत्यावश्यक यंत्रसेवा आणि आणीबाणी यांसाठी मात्र अपवाद ठेवण्यात आला. निकडीला वाट द्यावी, परंतु वाट विकू नये, हाच त्याचा इत्यर्थ होय.

मग फलाटावरच्या त्या कामगाराचे काय? त्याचा निरोप आणीबाणीचा नाही. त्याला थांबावे लागणे न्याय्यच आहे. परंतु थांबणे आणि विसरले जाणे यांत अंतर आहे. चांगल्या व्यवस्थेत खालच्या रांगेतील निरोप जसजसा अधिक थांबतो तसतसा तो पुढे सरकविण्याचीही तरतूद ठेवतात. अन्यथा वरच्यांची वर्दळ कधी संपावयाची नाही आणि खालच्याची पाळी कधी यावयाची नाही. कोणाला आधी, हे सांगणारा तक्ता अपुरा आहे; शेवटच्याला उशिरात उशिरा केव्हा, हेही त्यात लिहिलेले असले पाहिजे.

हा तक्ता यंत्र स्वतः लिहीत नाही. तो माणसे लिहितात, शांतपणे बसून, गर्दी होण्यापूर्वी. म्हणून तो लिहिताना त्या बैठकीत उधन्याच्या फलाटावरील माणसाची आठवण कोणाला तरी असली पाहिजे. गाडी सुटते, गर्दी विरळ होते, आणि नंदुरबारच्या अलीकडे कोठेतरी त्याचा निरोप अखेर घरी पोहोचतो. तिकडे त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला तो निरोप कोणत्या रांगेतून आला हे ठाऊक नसते. तो आला, एवढेच त्याला पुरे असते.