अशांत काळातली प्रार्थना

मे 1969. अमेरिकेतल्या बर्कली शहरात पीपल्स पार्क या उद्यानासाठी जमलेल्या निदर्शकांवर पोलिसांनी बळाचा वापर केला. 'फोर टॉप्स' या गायकसमूहातले ओबी बेन्सन यांनी तो प्रकार पाहिला. त्या अस्वस्थतेतून त्यांनी गीतकार अल क्लीव्हलंड यांच्यासोबत गीत रचायला घेतलं. गायक मार्व्हिन गे यांनी त्यात स्वतःची भर घातली. त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या त्यांच्या भावाचे अनुभवही होते. 'व्हॉट्स गोइंग ऑन' नावाचं हे गीत जानेवारी 1971मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात घरच्यांना घातलेली साद आहे, द्वेषावर प्रेमाचा उतारा आहे. त्याच नावाच्या अल्बममध्ये ईश्वराच्या प्रेमाची गाणीही आहेत. रस्ते पेटलेले असताना हे गीत आरडाओरडा करत नाही, आपुलकीनं विचारपूस करतं. श्रोतेहो, ते एकदा शांतपणे जरूर ऐका.