मुलूख, मिळकत आणि मालक



बोनकोडे हे गाव आज नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, त्यांत बोनकोडेही होते. शेती गेली, गावठाण राहिले. १९८४ च्या आंदोलनानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. मोबदला असो, भूखंड असो वा गावठाणातील घर असो, प्रश्न एकच : मालक कोण?

या ‘मालक’ शब्दाचे कूळ अरबी आहे. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा दाखवीत नाहीत. त्यामुळे मीम, लाम, काफ ही तीन अक्षरे ओळीने आली की संदर्भावरून शब्द ओळखावयाचा. ‘मलिक’ वाचल्यास राजा, ‘मुल्क’ वाचल्यास राज्य, ‘मिल्क’ वाचल्यास मालमत्ता. तिन्हींचा धातू एकच. स्वाधीन असणे हा त्याचा अर्थ. ‘मलक’ म्हणजे देवदूत. त्याचे लेखन तेच, परंतु धातू निराळा, निरोप पोचविण्याच्या अर्थाचा. मधला एक वर्ण झिजल्यामुळे तो या पंक्तीत येऊन बसला.

फारसीच्या वाटेने हे शब्द मराठीत आले. दख्खनमध्ये जमीनमहसुलाची घडी बसविणाऱ्या मलिक अंबराच्या (मृत्यू १६२६) नावात पहिला शब्द आहे. ‘मुल्क’चा मुलूख झाला. ‘मिळकत’ या शब्दात मिल्कियत आणि आपले ‘मिळणे’ असे दोन्ही सूर ऐकू येतात. देवनागरीत स्वर लिहिले जात असल्याने येथे घोटाळा उरला नाही.

अर्थाचा घोटाळा मात्र होतो. सात-बारा उताऱ्यावर ‘मालक’ नव्हे, ‘भोगवटादार’ असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ची परिभाषा तीच आहे. नगर भूमापन झालेल्या ठिकाणी मात्र ‘मिळकत पत्रिका’ मिळते. खातेदाराला हा भेद कोणी समजावून सांगत नाही, आणि वारसनोंद वर्षानुवर्षे राहून जाते.

‘नजर’ शब्दाची गोष्ट उलट आहे. अरबीत दृष्टी या अर्थाचा ‘नजर’ आणि नवस किंवा भेट या अर्थाचा ‘नज्र’ यांची अक्षरे वेगळी आहेत. मराठीने दोन्ही एकसारखे लिहिले. म्हणून नजरगहाणात वस्तू ऋणकोकडेच राहते, धनकोची केवळ दृष्टी तिच्यावर असते. तर वर्ग २ ची जमीन वर्ग १ करताना शासनाकडे भरावा लागणारा नजराणा हा त्या दुसऱ्या, भेटीच्या शब्दापासून आलेला आहे.