दम्याचा पंप : चिठ्ठीचा आणि बिनचिठ्ठीचा

मुलाकडे वा मुलीकडे सहा महिने राहावयास अमेरिकेस निघालेल्या आईबापांच्या सामानांत मेतकुटाला आणि लोणच्याला जागा हटकून असते. दम्याचा पंप मात्र कधीं कधीं घरच्या फडताळांतच राहतो. मग न्यू जर्सीची थंडी पडते, छातींत घरघर सुरू होते, आणि मुलगा धांवतपळत औषधांचें दुकान गांठतो. तेथें ‘साल्ब्युटामॉल’ मागितल्यास विक्रेता बुचकळ्यांत पडण्याचा संभव असतो, कारण त्याच द्रव्याला अमेरिकेंत ‘अल्ब्युटेरॉल’ म्हणतात. नांवाचा हा घोटाळा उलगडला तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून तें हातीं येत नाहीं. शेजारच्या मांडणीवरील ‘प्रायमाटीन मिस्ट’ हा पंप मात्र चिठ्ठीवांचून विकत मिळतो. ज्या अर्थीं तो असा सहज मिळतो त्या अर्थीं सौम्यच असावा, असें अनुमान सुशिक्षित मनुष्यही तेव्हां काढून मोकळा होतो.

हें अनुमान चुकीचें आहे. या पंपांतील द्रव्य म्हणजे एपिनेफ्रिन, अर्थात् ॲड्रिनॅलिन. आकसलेल्या श्वासनलिका तें मोकळ्या करतें हें खरें. परंतु हृदयाची धडधड आणि रक्तदाब वाढविण्याचाही त्याचा धर्म आहे. साल्ब्युटामॉलनें हात कांपतात, नाडीही थोडी जलद होते. तथापि त्याचा मुख्य रोख श्वासनलिकांच्या स्नायूंवर असतो. एपिनेफ्रिनचा दाबाचा पंप १९५६ सालचा, साल्ब्युटामॉल १९६९ सालचें. म्हणजे जुनें, अंगभर धांवणारें औषध उघड्या मांडणीवर आणि नवें, नेमकें औषध कुलपांत, असा हा उलटा कारभार आहे! ऑस्ट्रेलियांत तर साल्ब्युटामॉलच औषधविक्रेत्याशीं बोलून चिठ्ठीवांचून घेतां येतें. ‘प्रायमाटीन’ची विक्री २०११ अखेर थांबली होती, तीही त्यांतील वायु ओझोनच्या थरास घातक म्हणून, निराळा वायु घातल्यावर २०१८ सालीं त्यास पुन्हां परवानगी मिळाली.

या विषयाचा कडू अनुभव इंग्लंड व वेल्समध्यें येऊन गेला आहे. १९६० नंतर तेथें दम्यानें होणारे मृत्यु एकाएकीं वाढूं लागले. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांत तर ही वाढ कित्येक पटींची होती. एपिनेफ्रिनच्याच गोत्रांतील आयसोप्रिनॅलिनचे पंप तेव्हां तेथें चिठ्ठीवांचून मिळत. १९६७ सालीं डॉक्टरांना सावधगिरीची सूचना गेली, १९६८ सालीं पंपांना चिठ्ठी आवश्यक झाली, आणि त्या सुमारास मृत्युही उतरले. औषधाच्या तीव्रतेनें हृदय दगा देई, कीं घटकाभर बरें वाटल्यामुळें रुग्णालय गांठण्यास उशीर होई, यावर तज्ज्ञांचा वाद पुष्कळ वर्षें चालला. घरच्या माणसांनीं दुसरी शक्यता अधिक ध्यानांत धरावी.

कारण दम्यांत नळी नुसती आकसत नाहीं. तिचें अस्तर सुजतें आणि चिकट कफ सांचतो. एपिनेफ्रिन काय किंवा साल्ब्युटामॉल काय, दोन्ही स्नायु सैल करतात; सूज जेथल्या तेथें राहते. ती उतरविण्याचें काम श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडचें, आणि दम्याच्या त्या पंपाला अमेरिकेंत चिठ्ठी लागतेच. मराठी घरांत ‘स्टेरॉइड’ या शब्दाची धास्ती फार. वस्तुतः पंपांतील मात्रा मायक्रोग्रॅममध्यें, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांश भागांत, मोजतात, आणि नंतर चूळ भरून टाकली म्हणजे तोंडांत बुरशी धरण्याचा त्रासही बहुधा टळतो. अडचण एवढीच, कीं त्याचा गुण दिसावयास दिवस, कधीं आठवडे लागतात. तेवढ्यांत कंटाळून रोगी झटपट पंपाकडे वळतो. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या मार्गदर्शक संस्थेनें २०१९ सालीं स्पष्ट सांगितलें, कीं प्रौढांना व किशोरांना केवळ साल्ब्युटामॉलसारख्या पंपावर ठेवूं नये.

चिठ्ठी लिहितांना डॉक्टर धाप किती वेळां लागते, रात्रीं झोप मोडते काय, हें विचारतात. मांडणी असें कांहीं विचारीत नाहीं. तथापि अमेरिकेंत विमा नसलेल्यास डॉक्टरांची भेट परवडत नाहीं, आणि क्वचित् उठणाऱ्या सौम्य दम्यांत मध्यरात्रीं बिनचिठ्ठीचा पंप उपयोगी पडतो, हेंही नाकारतां येत नाहीं. त्याच्या वेष्टनावरील मर्यादा मात्र अक्षरशः पाळाव्या : दम्याचें निदान डॉक्टरांनीं केलेलें असावें, वय बारा किंवा अधिक, एक झोत, मिनिटभर थांबून लागल्यास दुसरा, मग चार तास कांहीं नाहीं, दिवसांत आठांहून अधिक नाहीं. वीस मिनिटांत आराम न पडल्यास, किंवा आठवड्यांत दोनांहून अधिक झटके आल्यास, डॉक्टर गांठावा. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह अथवा थायरॉइडचा विकार असणारांनीं आधीं विचारावें. आणि साठी उलटलेल्या आईबापांत यांपैकीं एकही दुखणें नसलेले थोडेच!

तेव्हां निघण्यापूर्वीं दोन्ही प्रकारचे पंप विमानांतील हातपिशवींत ठेवावे, व द्रव्याचें नांव स्पष्ट लिहिलेली चिठ्ठी बरोबर घ्यावी. तेथें गेल्यावर धापेमुळें वाक्य पुरें होत नसेल, किंवा ओठ निळसर दिसूं लागले असतील, तर कोणत्याच दुकानाकडे न धांवतां ९११ हा क्रमांक फिरवावा.