उसाचे रोप आणि बेण्याचे अर्थशास्त्र



उसाच्या उत्पादकतेची चर्चा बहुधा पाणी, खते आणि दर यांभोवती फिरते. बेण्याचा प्रश्न मागे राहतो. वास्तविक या पिकाच्या लागणीसाठी त्याच पिकाचा मोठा हिस्सा पुन्हा जमिनीत जातो. दोन-तीन डोळ्यांच्या टिपऱ्या वापरल्यास हेक्टरी 6 ते 8 टन बेणे लागते. सरासरी उत्पादन हेक्टरी 80 टन धरले, तर एका हेक्टरमधील ऊस जेमतेम 10 हेक्टरांच्या लागणीस पुरतो. म्हणजेच 10 हेक्टरांवरील नवे वाण 10 लाख हेक्टरांपर्यंत नेण्यास पाच पिढ्या लागतात.

या संथपणाची किंमत उत्तर प्रदेशाने मोजली आहे. 2009 मध्ये प्रसारित झालेल्या 'को 0238' या वाणाने तेथे उत्पादन व साखर उतारा दोन्ही वाढविले आणि पुढील दशकभरात राज्याचे चार-पंचमांशाहून अधिक ऊसक्षेत्र व्यापले. एकाच वाणावर इतके अवलंबून राहणे धोक्याचे होतेच. लाल कूज हा बुरशीजन्य रोग त्यावर पसरला, तेव्हा वाणबदल अपरिहार्य ठरला. परंतु पर्यायी वाणांचे निरोगी बेणे हवे तितके नव्हते.

रोपपद्धतीचे महत्त्व येथे आहे. एका डोळ्याचा तुकडा ट्रेमध्ये कोकोपीटमध्ये लावल्यास साधारण महिनाभरात रोप तयार होते. 4 बाय 2 फूट अंतरावर हेक्टरी सुमारे साडेतेरा हजार रोपे बसतात. समजा, बेणेमळ्यात हेक्टरी 80 हजार ऊस असून प्रत्येकावर 10 सुदृढ डोळे आहेत. तर 8 लाख डोळे मिळतात. उगवणीतील तूट वजा जाता 40 हेक्टरांची सोय होते. या गतीने 10 हेक्टर तीन पिढ्यांत सहा लाखांवर जातात! शिवाय गव्हाच्या काढणीनंतर उशिरा होणाऱ्या लागणीतील महिनाभराचा काळ वाचतो, कारण शेतात गहू उभा असतानाच रोपे वाढत असतात.

मात्र वेगाने जसे वाण पसरते, तसा रोगही पसरतो. लाल कूज ओळखण्यासाठी ऊस उभा चिरावा लागतो. लाल झालेल्या गरात आडवे पांढरे पट्टे दिसतात व आंबूस वास येतो. रोप विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला तो ऊस कधी दिसतच नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये मांडलेली माहितीची असमानता ती हीच. बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया गवताळ वाढीसारख्या रोगांवर उपयुक्त आहे. खोलवर रुजलेल्या लाल कुजीवर ती पुरेशी नाही. त्यामुळे तपासणी बेणेमळ्यातच, डोळे काढण्यापूर्वी व्हावयास हवी.

उत्तर प्रदेशात 2020 पासून महिला बचत गट ऊसरोपे तयार करीत आहेत. ग्रामीण रोजगाराच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. परंतु बेणेमळ्याच्या तपासणीचा खर्च या गटांना पेलणारा नाही. केवळ रोपांच्या संख्येवर दिलेले अनुदान संख्याच वाढवील. त्यातील काही वाटा तपासणीसाठी राखून ठेवणे आणि प्रत्येक ट्रेवर वाण व बेणेमळ्याची नोंद बंधनकारक करणे, हा तुलनेने अल्पखर्चाचा उपाय आहे.