ना राजा, ना माकड

२००५ साली पडद्यावर आलेल्या 'मादागास्कर' या कार्टूनपटाने ज्यूलियन नावाचा एक राजा घरोघरी पोहोचविला. डोक्यावर पानांचा मुकुट, शेपटीवर काळीपांढरी वलये, आणि राज्यकारभारापेक्षा नाचण्यात अधिक गोडी. दिल्लीतील आमच्या लक्ष्मीबाई नगरातील मुले त्याला बिनदिक्कत 'माकडांचा राजा' म्हणतात. वाली-सुग्रीवांच्या कथा ऐकत वाढलेल्या मुलांना वानरांना राजा असण्यात नवल ते काय वाटणार? परंतु या दोन शब्दांत दोन चुका आहेत. ज्यूलियन हा लेमूर. लेमूर म्हणजे माकड नव्हे. आणि लेमूरांत राजा नसतो.

वलयांकित शेपटीच्या या लेमूरांच्या कळपात सत्ता माद्यांची. चांगले फळ दिसले की आधी मादी खाणार. नराने मुकाट्याने बाजूस सरावयाचे. नरांची आपसातील भांडणे तर मोठी गमतीची. मनगटावरील ग्रंथींचा उग्र दर्प शेपटीला चोळावयाचा आणि ती शेपटी प्रतिस्पर्ध्यापुढे हलवीत उभे राहावयाचे! चित्रपटाने निसर्गाशी इमान राखले असते, तर सिंहासनावर राणीच बसली असती. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या आमच्या वसाहतीची त्यास खचितच हरकत नव्हती.

आता माकडाकडे वळू. दिल्लीकराला त्यासाठी दूर जावे लागत नाही. सरकारी कचेऱ्यांच्या गच्च्यांवर लाल तोंडाची माकडे आमच्याइतकीच नियमित हजर असतात. २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी त्यांना दूर ठेवण्यासाठी शहरात वानरांची चित्रे उभारावी लागली होती. या माकडाचे नाक कोरडे असते. लेमूरचे नाक कुत्र्यासारखे ओलसर, कारण त्याचा बराचसा व्यवहार वासावर चालतो. रात्री उजेड पडला की त्याचे डोळे मांजराप्रमाणे चकाकतात. माकडे बोटांनी एकमेकांचे केस विंचरताना आपण पाहतोच. लेमूरच्या खालच्या जबड्यातील पुढचे दात मात्र फणीसारखे पुढे आलेले असतात, आणि तीच त्याची फणी. शिवाय मागच्या पायाच्या दुसऱ्या बोटाला खाजविण्यासाठी एक नखर असतो. लेमूर, माकड आणि माणूस हे सारे एकाच नरवानर गणातले खरे. पण लेमूरांची शाखा सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी फुटली. म्हणजे नात्याने माकड लेमूरपेक्षा आपल्याला अधिक जवळचे!

लेमूर मूळचे फक्त मादागास्कर बेटाचे. मात्र त्यांच्या शाखेतील एक आप्त आपल्याकडेही आहे: लाजवंती. गंमत अशी, की भुताखेतांसाठी असलेल्या जुन्या रोमन शब्दावरून लिनीअस या शास्त्रज्ञाने १७५४ मध्ये 'लेमूर' हे नाव योजिले, ते लाजवंतीच्याच कुळातील, रात्री सावकाश हिंडणाऱ्या एका प्राण्यासाठी. पुढे ते मादागास्करच्या मंडळींना चिकटले. हे दूरदूरचे नातलग पाहून फिलिप स्क्लेटर याने १८६४ मध्ये हिंदी महासागरात बुडालेल्या 'लेमुरिया' खंडाची कल्पना मांडली. भूखंडेच सरकतात हे कळल्यावर ती मागे पडली.

कार्टूनमधील राजाला ओळखणाऱ्या आपल्या मुलांनी या लाजवंतीचे नावही सहसा ऐकलेले नसते. खारीएवढा देह, शेपूट नाही, मोठे वाटोळे डोळे. किडे खाऊन जगणारा निरुपद्रवी जीव. दक्षिण सह्याद्रीच्या, गोव्याच्या रानांत तो आढळतो. त्याच्या डोळ्यांत औषधी वा जादूचे गुण आहेत, या समजुतीपायी त्याचे बळी गेले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वरच्या श्रेणीचे संरक्षण दिले आहे. तथापि त्याला उड्या मारता येत नाहीत. फांदीला फांदी भिडलेली हवी. रानातून रुंद रस्ता गेला की त्याच्या जगाचे दोन तुकडे होतात, आणि ही गोष्ट कायद्याच्या कलमात मावत नाही. तिकडे मादागास्करातही जंगलतोडीने २०२० मध्ये लेमूरांच्या १०७ जातींपैकी १०३ धोक्यात असल्याचे जाहीर झाले.

२०२२ साली तामिळनाडूने कडवूर येथे लाजवंतीसाठी देशातील पहिले अभयारण्य घोषित केले. या प्राण्याची गणना करणारे लोक रात्री लाल प्रकाशाची विजेरी घेऊन हळूहळू चालत जातात. फांद्यांच्या जाळीत निखाऱ्यांसारखे दोन ठिपके चमकले, की वहीत एक लाजवंती टिपली जाते.