हवा कुठून शिरते?



कवितेवर बोलायला आकाशवाणीनं मला यापूर्वी बोलावलेलं आहे. आज मात्र मी एका जुन्या गाडीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहे. मी काही मेकॅनिक नाही. बी.ए. झालेला, शब्दांत रमणारा माणूस. पण एका मिस्त्रीच्या शेजारी बसून जे पाहिलं आणि ऐकलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

गोष्ट २०१७ सालच्या मे महिन्यातली. माझा धाकटा भाऊ पंप दुरुस्तीची कामं करतो. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जायला त्यानं एक जुनी जिप्सी घेतली होती, १९९२ सालची. मूळचं ९७० सीसीचं इंजिन झिजलं म्हणून आधीच्या मालकानं त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचं १२९८ सीसीचं इंजिन तिच्यात बसवून घेतलं होतं. सोबत ब्रेकचा बूस्टरही नवा जोडला होता. इंजिन बदलल्याची नोंद आर.सी. बुकात रीतसर होती. गाडी चढाला जोरात चालायची. फक्त सिग्नलला उभी राहिली की धाप लागल्यासारखी करायची, आणि कधीकधी बंद पडायची.

त्या मे महिन्यात आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला लग्नाला निघालो. मागच्या सीटवर अम्मा आणि भावाची दोन मुलं. आंबा घाट उतरताना एका वळणावर भावानं गिअर बदलायला क्लच दाबला आणि इंजिन बंद पडलं. त्यानं ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल दगडासारखं घट्ट! दोन्ही पायांनी ब्रेक दाबून आणि हँडब्रेक ओढून त्यानं गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला लावली. कुणाला खरचटलंही नाही. पण अम्मा खाली उतरल्या आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिल्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

परत आल्यावर भावानं तीन गॅरेजं पालथी घातली. तिन्हीकडे एकच निदान, "इंजिन मूळचं नाही ना, त्रास देणारच. काढून टाका." दुसऱ्या इंजिनाचा खर्च पन्नास-साठ हजार सांगितला. भाऊ गाडी भंगारात घालायला निघाला होता. तिच्यावर त्याची रोजची भाकरी होती, तरीसुद्धा. "दादा, मुलं होती गाडीत," एवढंच तो म्हणत होता.

शेवटी आम्ही उद्यमनगरात तात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे सत्तरी गाठलेले मिस्त्री. उमेदीत ऑईल इंजिनं जुळवली, पुढं गाड्यांकडे वळले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एक स्टूल पुढं ओढलं आणि भावाला विचारलं, "सकाळी थंड असताना बंद पडती का तापल्यावर?"

"तापल्यावर, तात्या. सकाळी चोक ओढला की झकास चालते."

"आणि पळताना?"

"पळताना काही नाही."

तात्यांनी मान डोलावली. "मग इंजिनाला काय झालं न्हाई. कुठंतरी हवा धरतंय."

हवा धरतंय म्हणजे काय? पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा ओढून घेतो. ही हवा कार्बोरेटरमधून यावी आणि येताना पेट्रोल घेऊन यावी, अशी योजना असते. वजनानं साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. गाडी उभी असते तेव्हा हवेची वाट जवळजवळ बंद असते आणि पिस्टन तर ओढतच असतो. त्यामुळं कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी होतो. यालाच व्हॅक्यूम म्हणतात. अशा वेळी एखादं छिद्र, एखादी चिरकी नळी असली की बाहेरची हवा पेट्रोल न घेता तिथून आत घुसते. मिश्रण पातळ होतं, इंजिन अडखळतं. चोक ओढलेला असताना पेट्रोल मुळातच जास्त असतं, म्हणून सकाळी दोष झाकला जातो. ॲक्सिलरेटर दाबला की हवेची वाट उघडते, व्हॅक्यूम कमी होतो, म्हणून पळतानाही तो झाकला जातो. तात्यांनी ते दोन प्रश्न का विचारले, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी कार्बोरेटरच्या स्क्रूंकडे बोट दाखवलं. "हे बघा भाई, ज्यानं त्यानं ह्ये पिळून ठेवलंय. आवाज गोड केला आणि गिऱ्हाईक वाटेला लावलं." गाडी बंद पडते अशी तक्रार आली की आयडलिंग वाढवायचं, हा सोपा उपाय. त्यानं हवा शिरायची थांबत नाही. फक्त ती शिरते आहे हे कळेनासं होतं.

इंजिन पुरतं तापू दिल्यावर तात्यांनी मॅनिफोल्डला एक घड्याळ जोडलं, व्हॅक्यूम गेज. समुद्रकाठच्या गावात चांगल्या इंजिनाचा काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांत स्थिर राहतो. दर हजार फूट उंचीमागं सुमारे एक इंच उतरतो. कोल्हापूर अठराशे फुटांच्या आसपास, म्हणजे इथं दोनेक इंच कमी धरायचे. आमच्या गाडीचा काटा १३ वर होता. थरथरत नव्हता, पण वरही जात नव्हता. तात्या म्हणाले, "व्हॉल्व खराब असता तर काटा नाचला असता. ह्यो नुसता खाली बसलाय."

नंतर शोध सुरू झाला. मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या नळ्या त्यांनी एकेक करून पकडीनं हलक्या हातानं दाबल्या. एक दाबायची, काटा पाहायचा, सोडायची. मग दुसरी. बूस्टरची नळी दाबली, काटा हलला नाही. डिस्ट्रिब्युटरची दाबली, नाही. मग कार्बोरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर पिचकारीनं पाण्याचे थेंब सोडले. पाणी क्षणभर फट बुजवतं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. आवाज बदलला नाही. काही लोक पाण्याऐवजी पेट्रोल मारतात. तात्यांनी कानाला हात लावला, "एक ठिणगी पुरं हुती."

भावाचा धीर सुटत चालला होता. दोन्ही गोष्टी एकदम करून पाहा, असं तो म्हणाला. तात्या हसले. "दोन एकदम केल्या, तर कुठल्या एकीनं गुण आला ते कसं कळंल?"

मग त्यांनी हातभर रबरी नळी घेतली. एक टोक माझ्या हातात दिलं. "भाई, माझे कान आता गेले. तुम्ही कवी, तुमचा कान तयार. लावा." नळी कानाला लावून मी वाकलो आणि तात्या दुसरं टोक इंजिनावर हळूहळू फिरवू लागले. खडखड, टिकटिक, पंख्याचा वारा. आणि मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला, जिथं नजर पोचत नव्हती तिथं, एक बारीक सुसकारा. मी हात वर केला.

तात्यांनी चाचपडत तिथं बोट ठेवलं. धापा टाकणारं इंजिन एकदम सरळ झालं. काटा चढून १७ वर थांबला.

काय होतं तिथं? हे इंजिन पूर्वी ज्या गाडीत होतं तिला एसी होता. एसी लावल्यावर आयडलिंग सावरण्यासाठी तिथून एक नळी निघत असे. जिप्सीत एसी नव्हता, म्हणून इंजिन बसवणाऱ्यानं त्या तोंडावर रबराची टोपी घालून दिली. ती उष्णतेनं तडकली. नवी टोपी काही रुपयांची.

पण तात्या तिथं थांबले नाहीत. "इंजिन बंद पडलं हे समजलं. ब्रेक का घट्ट झाला?" बूस्टर व्हॅक्यूमवरच चालतो. त्याच्या नळीत एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व असतो. त्यामुळं इंजिन अचानक बंद पडलं तरी बूस्टरमधला व्हॅक्यूम टिकतो आणि दोन-चार वेळा ब्रेक हलका लागतो. आमच्या नळीत तो व्हॉल्व बसवलेलाच नव्हता! दुसऱ्या दिवशी तो बसवून, स्क्रू पुन्हा जागेवर आणून तात्यांनी गाडी दिली.

परतताना माझ्या मनात त्या तीन गॅरेजांचं वाक्य घोळत होतं, "मूळचं नाही ना." तरुणपणी एका संमेलनात माझी कविता ऐकून एका सज्जनानं कौतुकानंच विचारलं होतं, "छान लिहिता हो मराठीत. पण तुमची मूळ भाषा कोणती?" मराठीच हो, दुसरी कुठली? बाहेरून आलं आहे असं वाटलं की बोट आधी तिकडं जातं. इंजिन बिचारं इमानानं ओढत होतं. चूक जोडणाऱ्याची होती, आणि जोड न तपासता निकाल देणाऱ्यांची.

तुमच्या गाडीसाठी तात्यांची एक सोपी परीक्षा सांगतो. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे. गेलं नाही तर घाटाचा रस्ता धरण्याआधी मिस्त्री गाठा.

त्या पावसाळ्यानंतर अम्मा पुन्हा त्याच गाडीतून आंबा घाट उतरल्या. वळणावर भावानं क्लच दाबला तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. इंजिन चालू राहिलं. त्यांनी हात सोडला आणि मुलांना म्हणाल्या, "डब्बा काढा रे, भूक लागली."